ओलीची वजावट

तिठ्यावरच्या वजनकाट्यावर मी पावत्या फाडतो.
भरला ट्रक, रिकामा ट्रक,
मधला फरक म्हणजे माल.
मालाची जात लिहायची नसते.
ऐन, किंजळ, हेळा, कुंभा,
काट्याला सगळं जळाऊ.

एकच रकाना पहिल्या दिवशी कळला नाही:
ओल, दहा टक्के वजा.
मुकादम हसला. लाकडात पाणी असतं रे,
पाण्याचे पैसे कोण देतो?

तेव्हापासून वजा करतोय.
अकरा टनांमागे अकराशे किलो पाणी,
निळ्या पेनाने, कार्बन घालून, तीन प्रतींत.

ब्राह्मणदेवाची राई सलग नऊ दिवस काट्यावरून गेली.
कौल लावला होता म्हणे, उजवा दिला देवाने.
डावा दिला असता तर पुन्हा लावला असता.
शेवटच्या गाडीत एका ओंडक्याला ढोली होती,
तोंड चिखलाने लिंपलेलं,
मध्ये चोच मावेल एवढी फट.
आत काहीतरी वाजतंय, ड्रायव्हर म्हणाला.
काट्यावरचा आकडा थरथरत राहिला.
मी तो स्थिर झाल्यावर लिहिला.

आषाढात डोंगर उतरला,
पावतीशिवाय.

खैरून वाडेकर ओहोटीला तिसऱ्या काढायला जाते.
येते ती मांड्यांपर्यंत लाल.
पूर्वी कोयती खुपसली की टक्कन वाजायचं, म्हणते,
आता खाडी कोयतीच गिळते.
तिने मांडलेल्या वाट्यात
निम्म्या तिसऱ्या आधीच तोंड उघडून बसलेल्या,
आत चमचाभर डोंगर.
तरी ती वरून दोन जास्त घालते,
गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.

यंदा पऱ्ह्या शिमग्यालाच बसला.
राईतला झरा कुठे होता
हे आता दाखवावं लागतं, हात लांब करून,
आणि हाताच्या टोकाला काही नसतं.

वैशाखात टँकर सुरू झाला.
बिलाला वजन लागतं, म्हणून तोही
ह्याच काट्यावर चढतो.
काल चढला. मी पावती ओढली,
गाडी नंबर, वेळ, भरलं वजन,
आणि सवयीने हात
ओलीच्या रकान्यात गेला.

टँकर गळका होता.
आकडा किलोकिलोने उतरत होता,
स्थिर होईना.
मी पेन उघडं धरून बसलो.
मागे लाकडाची गाडी
हॉर्न देत होती.