थाप

एकतीस वर्षं मी लोकांच्या दारांवर थापा मारल्या.
खऱ्या थापा, तळहाताच्या.
धनकवडी, बालाजीनगर, तळजाई पठाराच्या वस्त्या.
"मीटर!" एवढा शब्द पुरायचा.
आतून यायचं, "या, उघडंच आहे."
कुणाचे हात कणकेचे, कुणाचं बाळ मांडीवर,
कुणी मान न वळवता सांगायचं,
तिकडं, देव्हाऱ्याच्या वर.
मी स्टुलावर चढायचो, आकडे उतरवायचो,
पाणी पिऊन निघायचो.
ओळखपत्र कुणी मागितलं नाही.
मंडळाचं ते कार्ड पाकिटात घासत राहिलं,
घामानं भिजत, वाळत.

आता मी दाराच्या आतल्या बाजूला.
दुपारचे अडीच. बेल.
जाळीपलीकडं तिशीतला एक, दाढी कोरलेली,
गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड,
कार्ड उलटं.
"काका, गॅसचं चेकिंग. दोनच मिनिटं."

खाली फडतरेबाईंकडंही दोनच मिनिटं होती.
मार्गशीर्षातला गुरुवार, घट मांडलेला.
एकानं नळी वाकवून पाहिली, म्हणाला,
"मावशी, हे बटण दाबून धरा. सोडायचं नाही हं, गळती कळणार नाही."
बाईंनी सोडलं नाही.
दुसरा तेवढ्यात आतल्या खोलीत जाऊन आला.
पाटल्या गेल्या, लेकीच्या बाळंतपणाचे पैसे गेले.
सहकारनगरच्या चौकीत त्या
पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या :
"अहो, पण त्यानं दारात चपला काढल्या होत्या."

मी साखळी काढली नाही.
विचारलं, "आमची पाइपलाइन कुठून येते रे?"
"मागून, काका. डक्टमधून."
"इथं अजून सिलिंडरच आहेत."
तो चिडला नाही, पळालाही नाही.
हसला. "मग विंग चुकली असेल,"
म्हणाला, आणि जिना उतरला
सावकाश, कठड्यावर बोटं वाजवत.
वॉचमनला फोन लावताना कळलं,
माझे गुडघे थरथरतायत.

पुढच्या सोमवारी पुन्हा बेल.
"मीटर."
पोरगा काळासावळा, कानशिलावरून घाम,
हातात मोबाइल, पाठीला सॅक.
कार्ड न मागता पुढं धरलं त्यानं.
मी नाव वाचलं : सुदाम नवनाथ कांबळे.
फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला. दोनदा.
तरी म्हटलं, थांब,
आणि ऑफिसचा नंबर फिरवला,
जाहिरातीतला नव्हे, बिलावर छापलेला.
तिकडून बाई सांगत राहिली, आपण रांगेत आहात.
अकरा मिनिटं.
पोरगा जिन्यात उभा. एकदा या पायावर, एकदा त्या.
पाणी द्यावं म्हटलं, तर
तांब्या जाळीतून जाईना.

शेवटी कुणीतरी "हो, आमचाच आहे" म्हणालं.
साखळी काढली.
मीटर आमचं अजून दाराच्या आत, जुनी इमारत.
त्यानं फोटो काढला, गटागट पाणी प्यायला.
मला गप्प राहवेना.
म्हटलं, मीपण मंडळातलाच बरं का,
आणि पाकिटातून माझं जुनं कार्ड काढून
त्याच्या हातावर ठेवलं.

त्यानं ते उजेडाकडं धरलं,
तिरकं करून पाहिलं,
मग माझ्याकडं पाहिलं.
"काका," तो हळूच म्हणाला,
"यावर कुणीच दिसत नाही."