चौथा पहारेकरी

मिरचीला राखण लागते हे लोकांना पटत नाही.
म्हणतात, दरबारसिंग, तिखट कोण चोरतं?
मी म्हणतो, गहू भरलेलं जहाज तरी कोण चोरतं,
पण त्यालाही आम्ही लागलोच होतो.

करारात चार माणसं लिहिली होती.
चढलो तिघं:
मी, पलटणीतून सतरा वर्षांनी सुटलेला,
एक नेपाळी, एक कारवारकडचा जुना नौसैनिक.
चौथा आम्ही डेकवर बांधला.
नारिंगी बॉयलर सूट, पोटात दोरखंडाचे तुकडे,
डोक्याला हेल्मेट, हातात काळा रंगवलेला पाइप.
कप्तान म्हणाला, तुला हे कुठून जमतं?
म्हटलं, शिंदखेड्याकडे दादरच्या शेतात
प्रत्येक पोर हे शिकूनच मोठं होतं.
नाव ठेवलं भिकनआबा,
गावातल्या त्या म्हाताऱ्यावरून
जो डोळे उघडे ठेवून झोपायचा.

एडनच्या आखातात दिवस तव्यासारखा तापतो.
कठड्याला काटेरी तार,
दोन्ही अंगांनी पाण्याचे फवारे सुरू,
जहाज घाम गाळत चालल्यासारखं.
पोटात काय आहे ते सगळंच सांगत नसत.
गहू, म्हणत. कधी खत.
राखणदारानं पीक विचारू नये.

आई फोनवर विचारायची, समुद्र कसा शे रे?
पानीच पानी शे, माय.
इतलं पानी, आनि पेवाले नही!
आणि एवढी हसायची
की माझं रिचार्ज संपायचं.

एका पहाटे उजव्या अंगाला दोन होड्या.
लहान होड्या, मोठी इंजिनं.
आधी भोंगा. मग लाल बाण.
मग बंदूक डोक्यावर आडवी धरून दाखवायची.
नियमच तसा: आधी दिसायचं, मग ऐकू यायचं,
आणि त्यानंतरचं, देव न करो.
होड्या वळेनात.
मी चार गोळ्या पाण्यात टाकल्या.
चार ठिकाणी पाणी उभं राहिलं, बसलं.

तेव्हा होडीतल्या एकानं
दोन्ही हातांनी एक मासा डोक्यावर धरला.
पोराएवढा मासा.
बघा, आम्ही कोळी आहोत.
किंवा, बघा, आज आम्ही कोळी आहोत.
दुर्बिणीत त्याचं तोंड हलताना दिसत होतं,
आवाज येत नव्हता.
तळाशी पडलं होतं ती शिडी की जाळ्याच्या काठ्या,
यावर आम्हा तिघांची तीन मतं.
भिकनआबाला विचारायला हवं होतं.
तो त्याच बाजूला होता.

अहवालात लिहिलं: संशयास्पद हालचाल.
काडतुसं खर्च, चार. हानी, नाही.

बंदुका कुठल्याच देशात उतरत नसत.
भर समुद्रात नांगरलेलं एक गंजकं जहाज,
तेच त्यांचं घर.
सही करून द्यायच्या
आणि रिकाम्या हातांनी विमानात बसायचं.
ते हात काय करायचे, हे कुणी सांगितलं नाही.
विमानात मी ते मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

आता नंदुरबार. मिरचीची पथारी, रात्रपाळी.
दिवसा नजर पोचेल तिथवर लाल,
रात्री सगळं काळं, सपाट,
आणि थंडीचा वारा सुटला की खसखस वाजणारं.
काठी, बॅटरी, शिट्टी.
हसमुखशेठ म्हणाले, दुसरा माणूस परवडत नाही,
त्या टोकाला एखादं बुजगावणं लाव.
मी काही बोललो नाही.
ट्रंकेतला बॉयलर सूट काढला.

देठ खुडणाऱ्या बाया उजाडल्यावर येतात.
सायकी वळवी त्याआधी, अंधारातच.
काल लांबून तिनं त्याला राम राम घातला.
मी बॅटरी मारली तर मलाच विचारते, तू कोन शे?
मी काही विचारायच्या आत
तिनं फडक्यातलं गाठोडं दोन्ही हातांनी वर धरलं,
पार डोक्याच्या वर.
भाकर शे, भाऊ.

भाकरीला एवढा फुगवटा नसतो.
तीन भाकरींना असेलही.

मी उजेड खाली केला.
वारा फिरला, खकाणा उठला,
शिंकलो दोघंही, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
टोकाचा तो
शिंकला नाही.