शिळं पाणी

एकतीस डिसेंबर. नळ पहाटे येणार,
पाचव्या दिवशी. तोवर जागंच राहायचं,
तर म्हटलं, करून टाकू एकदाचं,
नवं वर्ष रिकाम्या मेलबॉक्सवर उघडू.

अकरा हजार चारशे सात.
आकडा मोठ्याने वाचला तर नवरा झोपेतच म्हणाला, बापरे,
आणि कुशीवर वळला.

बँकेची गेली आधी, विम्याची,
'प्रिय ग्राहक' म्हणणारी सगळी.
मग हॅम्बुर्गच्या उर्सुलाबाई. नऊ वर्षं एकच तक्रार,
तुमचा लाल आमच्या पाण्यात लाल राहत नाही.
आणि मी, नऊ वर्षं, दासरीशेठच्या सहीने,
सॅम्पल पुन्हा पाठवत आहोत.
अक्कलकोट रोडच्या पत्र्याखाली, मे महिन्यात,
कीबोर्डवर घाम टपकत असताना टाईप करायचे,
आशा आहे, आपल्याकडे वसंत छान फुलला असेल.

बटणावर लिहिलंय 'संग्रहित करा'.
बरा शब्द आहे. पुसत नाही, फेकत नाही,
नजरेआड करतो नुसता,
लग्नातली जोडचादर डांबरगोळ्या घालून
माळ्यावर टाकतो तशी.
दाबत गेले. दोन हजार. पाच हजार.
खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

मग येमूल मास्तर आले.
डायिंगचे अंबादास येमूल. छप्पन्नाव्या वर्षी
पोरीने फोनवर मेल काढून दिला, तेव्हापासूनचे.
विषयाची जागा कायम मोकळी.
मजकूर: म्याडम शेड बगा.
खाली फोटो, त्यांच्या तळहातावर ओला तुकडा.
मोरपंखी. विटकरी. उर्सुलाबाईंचा तो लाल, अठ्ठावीस वेळा.
तुकडा बदलायचा, तळहात नाही.
तीस वर्षांचे रंग एकमेकांत मुरून
जे काही झालं होतं त्या कातडीचं,
ते कुठल्याच शेडकार्डात नव्हतं.

तीनशे बारा. एकेक उघडत बसले.
असं ठरवलं नव्हतं.

शेवटचा, कारखान्याला कुलूप लागल्यानंतरचा, बिनफोटोचा:
म्याडम भिवंडीला चाल्लो पोराकडं.
गड्ड्याला येतो. रंगाचं काय असंल तर कळवा.

तो ठळक अक्षरात होता. न उघडलेला. दोन वर्षं.
त्याच्या खालीवर माझेच बायोडाटे,
चाळीस-एक कंपन्यांना, त्याच आठवड्यात.
दोन गड्डे होऊन गेले मध्ये.
होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत
मी पोराचा हात धरून उभी होते दोन्ही वेळा.
ते आले असतील. रंगाचं काही नव्हतं,
मी कळवलं नव्हतं.

उत्तर लिहायला घेतलं. प्रिय मास्तर. खोडलं.
आदरणीय. खोडलं.
इतकी वर्षं दुसऱ्याच्या सहीने लिहिलं की
खाली 'कोनापुरे' लिहिताना बोट अडलं.

चारला नळ खोकला. आधी हवा,
मग गंज, मग पाणी.
गल्लीत घागरी वाजल्या, मोटारी लागल्या,
हॅपी न्यू इयर कुणीच कुणाला म्हटलं नाही,
पाणी आलं का, एवढंच, या गच्चीवरून त्या गच्चीवर.
ड्रमच्या तळाशी परवाचं चार बोटं होतं.
आई म्हणायची, शिळं म्हणून ओतायची घाई नको,
आधी नवं येऊ दे. नळाचा काय भरवसा.
आणि ओतलंच तर मोरीत नको, कढीपत्त्याला.

कढीपत्त्याला घातलं.
बाकी सगळं संग्रहात गेलं, अकरा हजार चारशे सहा.
मग बल्बखाली हात धरला, ओला,
ड्रमच्या गंजाने तांबूस झालेला, आणि फोटो काढला.
विषयाची जागा मोकळी सोडली.
मास्तर, शेड बगा. गड्डा दोन आठवड्यांवर आलाय.

तो पत्ता चालू आहे की नाही, माहीत नाही.
अजून तरी परत आलेलं नाही.
ड्रम वाहायला लागलाय, उठायला हवं.