दोनशे चाळीस तास

दर अर्ध्या तासाने मी गच्चीवर जातो
आणि किती दूरचं दिसतं ते लिहून काढतो.
खुणा ठरलेल्या आहेत :
कुंपणाजवळची सातवीण आठशे मीटर,
परुळ्याच्या वाटेवरची पाण्याची टाकी दोन हजार,
आणि निवतीच्या खडकावरचा दिवा दिसला
की त्या दिवशी चहा निवांत.

त्या दुपारी दिवा नव्हता. टाकी होती, पुसट.
भाद्रपदातला वारा दक्षिणेकडून, अठरा नॉट,
झटके सत्तावीस.
सड्यावरचं गवत एका कुशीवर निजलेलं,
त्यात निळी निळी सीतेची आसवं,
आणि धावपट्टीवर टिटव्या,
सातबारा जणू त्यांच्याच नावावर.

मुंबईहून येणाऱ्या विमानात उजव्या खुर्चीवर
शर्वाणी गिरप होती. आमच्या खालच्या वाडीतली.
नोकरी लागली तेव्हा पेढे वाटत फिरली होती,
मी तिच्या मामाच्या पडवीत बसलो होतो.
मामा तांडेल. त्याने पेढा हातातच धरला.
"किती तास झाले गो तुझे?"
"दोनशे चाळीस."
बोटांची पेरं मोजून झाली, तो हसला नाही.
"म्हंजे धा दिस.
धा दिसांत माझा जाळा विणून होना नाय.
आनि तुझ्या पाठी सत्तर माणसा?"
ती म्हणाली, परीक्षा असतात, सिम्युलेटर असतो,
शेजारी कॅप्टन असतो.
"आनि त्याका चक्कर इली तर?"
ती खोक्याच्या दोऱ्याला गाठी मारत राहिली.

तिच्या बापाने ट्रॉलरमधला वाटा विकला होता.
एक तास उडायला जेवढे पैसे लागत
तेवढ्यात इंजिनाचा नवा पंप येतो.
हा हिशेब कोणी बोटांवर केला नाही.

रेडिओवर पुरुषाचा आवाज आला. बोधनकरांचा,
आठ हजार तासांचा, झोपेतही तसाच असेल असा.
एवढ्या वर्षांत मला एक कळतं :
जो बोलतो तो उडवत नाही.
म्हणजे हात तिचे.

राखाडीतून दोन दिवे सुटले.
नाक वेंगुर्ल्याकडे, चाल आमच्याकडे,
कुर्लीसारखं तिरकं तिरकं येत होतं ते.
मी वाऱ्याच्या काट्याकडे बघावं की विमानाकडे?
काट्याकडे बघितलं. सत्तावीस.
मान वर केली तर डावा पंख उचललेला,
टिटव्या ओरडत उठलेल्या,
आणि आवाज : गो-अराउंड.
पोटात चाकं ओढून घेत ते समुद्रावर गेलं.

ठरवलं कोणी? तिने, की त्यांनी?
हे त्या दोघांना ठाऊक, आणि एका नारिंगी डब्याला.

अकरा मिनिटांनी पुन्हा आले.
या खेपेला रेडिओवर ती बोलत होती.
नीट उतरलं. आधी डावं चाक, मग उजवं.
बॅगांच्या पट्ट्यापाशी एक गृहस्थ फोनवर सांगत होते,
"हल्ली कोणाच्याही हातात देतात."
त्यांच्या शर्टावर सांडलेली कॉफी अजून ओली होती.

मला मात्र माझा पहिला श्रावण आठवत होता.
धुकं होतं, टाकी दिसत नव्हती.
मागच्या रकान्यात दोन हजार होतं,
मीही दोन हजार लिहिलं.
त्या आकड्यावर विसंबून एक विमान खाली आलं,
लोक उतरले, रिक्षांचे भाव करत निघून गेले.
माझे किती तास झालेत
हे मला कधीच कोणी विचारलं नाही.

परतीच्या आधी ती विमानाभोवती फेरी मारत होती.
खांद्यावर दोन पट्ट्या, केस वाऱ्याने विस्कटलेले.
चाकाशी थोडी जास्तच थांबली.
मग मला बघून लांबूनच विचारलं,
"काका, झटके खरंच सत्तावीस होते?"
"होते."
तिने मान हलवली. बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

अर्धा तास भरला होता. जिना चढलो.
टाकी दिसली.
पेन टेकवलं, आणि उचललं.
दिसली, की कुठे असते ते माहीत होतं म्हणून दिसली?
चष्मा पुसला.
पुन्हा बघितलं.