दुसरा भाग

फ्लॉइड म्हणतो, ह्या भागात उजेडच फार.
भुतांचे दात मोजता येतात,
मग घाबरायचं कशाला?
झुलेखाचं उलटंच: गोळ्या पुरत नाहीत,
वळणावळणाला मरायचं, ह्याला काय खेळ म्हणतात?
(रात्री अकराला हजर मात्र तीच आधी.)

मी गप्प.
कन्नमवार नगर, पोटमाळा,
हेडफोनची डावी बाजू गेलेली,
खाली आई झोपलेली, म्हणून किंकाळीही कुजबुजत.

पहिल्या भागात जनरेटरचं दार
दोघांनी धरल्याशिवाय उघडायचं नाही.
ऐन वेळी हृषीने सोडलं. पळाला.
"सॉरी यार, फाटली माझी."
दोन दिवस अबोला,
मग टागोर नगरच्या नाक्यावर उसाचा रस,
त्याच्या पैशाने, बर्फ न घालता.

आता हृषीला ऐरोलीत नाइट शिफ्ट.
चौथ्या जागी कॉम्प्युटरच खेळतो.
नेम पक्का. जखमेवर पट्टी वेळच्या वेळी.
दार धरून उभा राहतो, कितीही वेळ.

काल मुद्दाम उशीर केला.
ती सगळी आली त्याच्या अंगावर,
हा हलला नाही.
वाचलो मी.

पाचातले दोन तारे दिले.
कारण लिहा, म्हणाले.
लिहिलं:
कोणी पळूनच जात नाही.