तपकिरी कुठे उमटली

मे महिन्यात मेणाची फीत टिकत नाही.
म्हणून पहाटे पाचला येते मी कॉलेजात,
सेमिनरी हिल्सचा चढ तेव्हा जरासा गार असतो,
ब्लॉकवर बर्फ ठेवून कापते
पाच मायक्रॉन, पाच मायक्रॉन,
मोमिनपुऱ्यातल्या बोकडाचं वृषण.

शब्बीरभाई डबा देताना दर वेळी हसतात:
"मॅडम, हे तर लोक तव्यावर घेतात."
मी पिवळ्या द्रावणात सोडते. बोटं चार दिवस पिवळी.
सासूबाई म्हणतात, काऊन वं, पुन्हा हळद लागली का?

सरांचा प्रश्न एकच: इनहिबिन कुठे आहे?
आहे की नाही, असं नाही. कुठे.
थेंबभर प्रतिपिंड, रात्रभर फ्रीज,
सकाळी रंग. घड्याळ लावून थांबायचं,
मिनिटभर जास्त झालं की सगळंच तपकिरी,
मग काहीच कळत नाही.

नलिका गोल, एकमेकींना खेटून.
शुक्रपेशी निळ्याच राहिल्या, एकूण एक.
नलिकांच्या मधल्या पेशींत नुसता धूर.
आणि सरटोली,
तळाला पाय रोवून पोकळीपर्यंत उंच,
कड कुठे संपते ते दिसत नाही,
पदराच्या घड्यांत दुसऱ्यांची पोरं वाढवणारी,
ती तपकिरी. गर्द.
तीच वर निरोप धाडते, मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला:
पुरे. भागतंय एवढ्यात. आवाज कमी कर.

वहीत लिहिलं: सरटोली, पेशीद्रव, तीव्र, तीन अधिक.
पेन हातात तसंच राहिलं.

हेमराजचा रिपोर्ट पर्समध्ये आहे, धंतोलीच्या लॅबचा.
एफएसएच एकतीस. शेजारी बारीक अक्षरात: बारापर्यंत.
डॉक्टर नुसतं "जास्त आहे" म्हणाले.
त्यानं विचारलं, "जास्त म्हणजे चांगलंच ना?"
मी पंख्याकडे पाहिलं.
जास्त म्हणजे वरून हाका चालू आहेत, हेमराज,
रात्रंदिवस, मोठमोठ्यानं,
आणि खालून पुरे म्हणायला कुणी नाही.

लोणारे काकांनी कूलर लावला, ओल्या वाळ्याचा वास आला.
"भेटलं का मॅडम?"
भेटलं, म्हटलं.
मग शेवटची स्लाइड घेतली,
जिच्यावर प्रतिपिंड घातलेलंच नव्हतं.
ती कोरी यायला हवी असते, तरच बाकीचं खरं.
भिंगाखाली सरकवली. फिरवत राहिले
एका नलिकेवरून दुसरीवर.
निळी. सगळी निळी.