बर्फाचं बटण

शोरूममध्ये मी आधी ग्रिलवर नख ओढून पाहिलं.
अंबडला माझं प्लेटिंगचं युनिट, अठ्ठावीस वर्षं झाली,
क्रोम खरा की खोटा, गाडीतलं एवढंच मला कळतं.
खरा होता.
मुलगा म्हणाला, पप्पा, प्लीज.
सेल्समन फैजान नुसता हसला,
त्याला सवय असावी असल्या नखांची.

मग त्याने चारही चाकांचं सांगितलं:
ताकद आपसांत वाटून घेतात,
एक घसरलं तर उरलेली तिघं सावरतात.
आम्ही भाऊ चार. असलं काही
आमच्या घरी पाहिल्याचं आठवेना.

आणि हँडब्रेकशेजारी एक बटण,
त्यावर पांढरी, सहा टोकांची चांदणी.
"हे बर्फासाठी, सर."
नाशकात?
"असावं, सर."
त्या असावंचे किती लाख, ते मी विचारलं नाही.

डिलिव्हरीला गुरुजींनी दोनच लिंबं आणलेली.
निर्मला म्हणाली, ताकद चौघांना ना, मग चार लागतील.
फैजान धावत जाऊन रसवंतीवरून दोन घेऊन आला.
त्यातलं एक पिकून मऊ.
चाक त्याच्यावरून गेलं तरी आवाज झाला नाही.

पार्किंग बिल्डरने अल्टोच्या मापाने आखलेलं.
दार अर्धंच उघडतं. रोज रात्री पोट आत ओढून
एवढ्या मोठ्या गाडीतून मी बाहेर येतो,
पाकिटातून चिठ्ठी काढावी तसा.

सहा महिने गंगापूर रोड ते अंबड, अंबड ते गंगापूर रोड.
मागची दोन चाकं झोपलेलीच असतात, मुलगा सांगतो,
गरज पडली की उठतात.

डिसेंबरात बातम्यांत आलं, निफाडचा पारा चारवर येणार.
रात्री दोनला मी किल्ली घेतली. निर्मलाला उठवलं नाही.
चांदोरी मागे पडली तसे काचेवरचे आकडे उतरू लागले,
सात, सहा, पाच,
आणि मला लाज वाटावी इतका आनंद होत होता.
उगावच्या शिवेवर चार.

तिथे दौलतची बाग.
वाटण्या झाल्यापासून अकरा वर्षं
मी त्या बांधावर पाय ठेवला नव्हता.

ओळींमधून शेकोट्या, ओल्या काडीचा धूर,
तोंडाला रुमाल बांधलेली माणसं.
दौलतने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"लाइट इकडं फिरव. व्हॉल्व्ह दिसंना."

फिरवला. चिखलातून, पाइपांना चुकवत.
मागची चाकं उठली की नाही, कळलं नाही.
गाडी गेली, एवढंच.

मग उजाडेपर्यंत इंजिन चालू ठेवून बसलो,
उजेडाच्या दोन पट्ट्यांत
ठिबकचं पाणी थेंब थेंब सुटताना बघत.
कामावरची एक बाई, पेठकडची, जवळ आली
आणि तिने दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले.
मग तिची मुलगी. मग आणखी दोघं.
कुणी काही विचारलं नाही,
कितीला पडली, ॲव्हरेज काय देते, काहीच.

मी हळूच बटण दाबलं.
पडद्यावर उमटलं: बर्फ. सावकाश चालवा.
गाडी जागेवरच उभी होती.

सहाला निर्मलाचा फोन. गाडी कुठंय?
गाडी, म्हणाली. मी नाही.
मी सांगितलं, उगावला.
बराच वेळ ती काही बोलली नाही.

दौलतने चहाचा एक पेला माझ्या हातात दिला,
स्वतःचा बॉनेटवर ठेवला.
मग उचलला,
खालचं ओलं वर्तुळ बाहीने पुसलं,
आणि पुन्हा तिथंच ठेवला.